पाच रुपयांत कोरं लायसन

पुण्यात चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की कायद्याचे जाणकार भेटायला लागतात. भूगावच्या कोंडीत गाडी बंद करून खाली उतरलेले, पिरंगुटला टपरीवर चहा घेत बसलेले, पौडला तहसील कचेरीबाहेर सातबाऱ्यासाठी ताटकळलेले. विषय सगळ्यांचा एकच. मोबाईलवर आलेलं चलन किती दिवस जिवंत राहतं? या प्रश्नावर मुळशी तालुक्यात तीन पंथ आहेत, आणि तिन्ही पंथांचे अनुयायी हेल्मेट न घालता एकाच बुलेटवर बसून जाऊ शकतात, इतका त्यांच्यात सलोखा आहे.

पहिला पंथ सहा महिनेवाल्यांचा. सहा महिने गप्प बसायचं, चलन आपोआप मरतं, अशी त्यांची श्रद्धा. ही श्रद्धा अगदीच निराधार नाही, हीच तिची अडचण. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल सहा महिने उलटल्यावर कोर्ट घेत नाही, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ५१४ मध्ये तीच मुदत आहे. पण हा दाखला कोर्टात द्यायचा असतो, आणि पंथातलं कुणी कोर्टात जात नाही. चलन मात्र ऑनलाइन तसंच पडून राहतं. गाडी विकायला काढली, गिऱ्हाईकाने नंबर टाकून पाहिला की मेलेली सगळी चलनं एका ओळीत उभी राहतात. मग सौदा त्यांच्या समक्ष होतो.

दुसरा पंथ लोकअदालतीचा. हे लोक चलन भरत नाहीत, जपून ठेवतात. लोकअदालत लागली की तडजोडीत रक्कम कमी होते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून दिवाळीच्या सेलची वाट पाहावी तशी ते तारखेची वाट पाहतात. ज्याने सिग्नल तोडल्यावर त्याच संध्याकाळी पूर्ण पैसे भरले, त्याच्याकडे या पंथात दयेने पाहिलं जातं.

तिसरा पंथ सगळ्यांत सज्जन. पैसे भरले, पावती आली, विषय संपला. सज्जनांचं नुकसान असं की त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम २०० वाचलेलं नसतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एक अट घातली. तडजोड शुल्क भरलं तरी तो गुन्हा ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजायचा. पैशांनी दंड फिटतो, मोजणी चालूच राहते. ही दुरुस्ती देशात १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली. दंडाचे नवे आकडे महाराष्ट्राने मात्र डिसेंबर २०२१ पर्यंत दारातच उभे ठेवले. मोजणीची अट दंडाच्या आकड्यांखाली दबली. अजून ती कुणी वर काढलेली नाही.

एवढे तीन पंथ असताना खरं उत्तर मोटार वाहन कायद्यातच, १९८८ पासून, कलम २५ मध्ये पडून आहे. लायसनवर गुन्ह्याचा शेरा पडला की नवं लायसन काढा, हरवल्याचं सांगून दुसरी प्रत काढा, शेरा तिच्यावरही उतरतो. शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर जुनं लायसन जमा करायचं, पाच रुपये भरायचे आणि कोरं लायसन घेऊन घरी जायचं. शेरा नुसता वेगमर्यादेचा असेल, तर एका वर्षात पुसला जातो. लायसन निलंबित असलेला काळ मात्र या हिशेबात धरत नाहीत, म्हणजे शिक्षा भोगणं आणि सुधारणं ही दोन वेगळी खाती आहेत. पाच रुपयांत पिरंगुटला कटिंग चहा येत नाही. कायद्यात तीन वर्षांचं चारित्र्य येतं.

बाकीच्या मुदतीही अशाच नेमक्या आहेत. धोकादायक गाडी चालवण्याचं कलम १८४ तीन वर्षं मागे वळून पाहतं. त्या काळात तसाच गुन्हा पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. हेल्मेट नसेल तर दंडाबरोबर तीन महिने लायसन बाद. पोलिसांनी कलम २०६ खाली लायसन जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवलं, तर पहिल्या वेळी तीन महिने निलंबन आणि दुसऱ्या वेळी ते रद्दच. शिवाय अशा माणसाचं नाव चारचौघांत जाहीर करायची मुभा. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनेही २०१५ मध्ये राज्यांना बजावलं होतं की वेग, सिग्नल, दारू, मोबाईल यांना किमान तीन महिने निलंबन द्या. कायद्याला सगळं आठवतं. त्याला कुणी काही सांगत नाही, एवढंच.

कारण शेरा मारायला आधी माणूस लागतो, आणि आपल्याकडे पकडली जाते ती नंबरप्लेट. कोथरूड सुटेपर्यंत पुणे शहर पोलीस, बावधनला पिंपरी-चिंचवडचे, पौडला पुणे ग्रामीण, आणि ताम्हिणी उतरलं की रायगड. एका रविवारी धबधबा बघायला निघालेला माणूस चार पोलीस दलांच्या नजरेखालून जातो, आणि चौघांच्याही कॅमेऱ्यात येते ती गाडीची पाठ. चलन मालकाच्या मोबाईलवर जातं. गाडी कोण चालवत होतं हे मालकाने सांगावं, असं कलम १३३ म्हणतं, पण ते विचारायला कुणी आलं तर. गाडीच्या नावावर चाळीस चलनं आणि चालवणाऱ्याच्या लायसनवर एक डाग नाही, हे आपल्याकडे सहज जमतं.

आयटी कंपन्यांचं हिंजवडी मुळशीतच येतं, त्यामुळे तालुक्यात परदेशी चालीरीती माहीत असलेले पुष्कळ आहेत. लंडनला दोन वर्षं प्रोजेक्टवर राहून आलेला अभियंता तिकडे ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर एकोणतीसने चालवायचा. कारण तिथे प्रत्येक गुन्ह्यामागे लायसनला दंडाचे गुण लागतात. तीन वर्षांत बारा झाले की लायसन किमान सहा महिने जातं, शेरा चार वर्षं राहतो, दारू पिऊन चालवल्याचा अकरा वर्षं, आणि विमा कंपनी मागच्या पाच वर्षांचं विचारते. जर्मनीत फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावात अख्ख्या देशाच्या ड्रायव्हरांचं दप्तर आहे. आठ गुणांवर लायसन जातं, आणि गुन्हा पाहून अडीच, पाच किंवा दहा वर्षांनी गुण पुसतात. हाच अभियंता परत आला आणि पहिल्या आठवड्यात हिंजवडीच्या फेज तीनहून उलट्या बाजूने निघाला. विचारलं तर म्हणाला, सगळेच जातात. त्याची गुणवत्ता गेली नव्हती, फक्त गुण गेले होते.

आपल्या देशातही प्रयोग झालेत. तेलंगणने १ ऑगस्ट २०१७ पासून हैदराबादेत चोवीस महिन्यांत बारा गुणांची पद्धत आणली. बारा झाले की वर्षभर लायसन बंद. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटाने सुचवलं की वाहतूक गुन्ह्यांवरून विम्याचा हप्ता वाढवावा आणि सुरुवात दिल्लीपासून करावी. सूचना आली, दिल्ली तशीच राहिली. केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय देशभर गुण कापायच्या विचारात असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. तेव्हापासून टपरीवर चौथा पंथ आकार घेतो आहे. गुण कापले तर रिचेकिंगला कुठे जायचं, हा त्याचा पहिला प्रश्न.

मुदतीचं गांभीर्य पुण्याला कळायची वेळ एकदाच आली, आणि त्याची किंमत दोन तरुण अभियंत्यांच्या जिवाने मोजली गेली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने त्यांना उडवलं. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्याची चर्चा जगभर झाली. कोट्यवधींच्या त्या गाडीची नोंदणी १७५८ रुपये शुल्क न भरल्याने पूर्ण झालेली नव्हती, हेही बाहेर आलं. चर्चेत मागे पडलं ते कलम १९९अ. अल्पवयीनाने असा गुन्हा केला तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला लायसन नाही, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. परिवहन खात्याने तेव्हा हेच जाहीर केलं. आठ वर्षांची ही मुदत तीनशे शब्दांपेक्षा बरीच लांब आहे.

गुणपद्धत खरंच आली, तर गुण कुणाच्या नावावर चढवायचे यावर खल होणार हे उघड आहे. पुढे ब्रिटनचे मंत्री झालेल्या ख्रिस ह्यून यांनी २००३ मध्ये वेगाचे तीन गुण पत्नीच्या नावावर ढकलले. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. मंत्रिपद त्याआधीच गेलं होतं. मुळशीत ही अडचण यायची नाही. इथे जमिनीचे पैसे आले तेव्हा घेतलेली काळी स्कॉर्पिओ बहुतेक घरी आजीच्या नावावर आहे, कारण सातबाऱ्यावर नाव तिचं होतं. चाळीस चलनांचे गुण कापायला परिवहन कार्यालयाचा माणूस माळेगावच्या वरच्या आळीत आला, तर आजी त्याला पाणी देईल, बसा म्हणेल, आणि मग सांगेल की लायसन तिने कधी काढलंच नाही.