सदाकोची कॉपी निघाली!

सदाको या जपानी भुताचा आणि आमच्या हैदराबादच्या कोठीचा काय संबंध, असं विचारणाऱ्याने ‘द रिंग’चा शेवट नीट पाहिलेला नाही. एक व्हिडिओ कॅसेट असते. ती पाहिली की फोन वाजतो आणि सातव्या दिवशी पाहणारा खलास. सुटायचा मार्ग एकच: कॅसेटची कॉपी काढून दुसऱ्याला दाखवायची. आता सांगा, हा शाप झाला की धंदा? हॉलिवूडच्या नायिकेला हे उमगायला अख्खा सिनेमा लागला. आमच्या गुजराती गल्लीतल्या सीडीवाल्या पोऱ्याने मान वर न करता विचारलं असतं, “कित्ते कॉपियां होना?”

मुळात हा सिनेमाच कॉपी. कोजी सुझुकीची कादंबरी १९९१ची, हिदेओ नाकाताचा ‘रिंगू’ १९९८चा. १९९९ साली कोरियाने आपली आवृत्ती काढली आणि २००२ साली गोर व्हर्बिन्स्कीने नेओमी वॉट्सला घेऊन अमेरिकन. शापाचा नियम निर्मात्यांनीच मनावर घेतला म्हणायचा! जगभरातून जवळपास २५ कोटी डॉलर जमल्यावर तर चटकच लागली. २००४ च्या ‘द ग्रज’ या आणखी एका जपानी सिनेमाच्या कॉपीसाठी मूळ दिग्दर्शक ताकाशी शिमिझूलाच धरून आणलं, २००५ च्या ‘द रिंग टू’साठी खुद्द नाकाताला. झेरॉक्स खरी असल्याची सही करायला मूळ कागदालाच बोलावण्यातला प्रकार.

आमच्याकडे समारा, म्हणजे अमेरिकन सदाको, आली ती व्हीसीडीवरून, इसामिया बाजारात मावशीच्या घरी. चकत्या दोन. पहिली ऐन घाबरायच्या बेतात असताना संपली आणि मावशी कुकर लावून आली. प्रिंट थिएटरात चोरून टिपलेली, त्यामुळे विहिरीच्या दृश्यात पडद्याभर कोणाचं तरी डोकं. सगळ्यात जास्त दचकलो ते त्या डोक्यालाच. पुढे समारा टीव्हीतून सरपटत बाहेर यायला लागली तशी मावशी म्हणाली, “अगं, केस तरी बांध!” आमच्या टीव्हीवर पुढे लोंबणारा क्रोशाचा रुमाल, वर गणपती, शेजारी कोंडापल्लीच्या बाहुल्या. बाहेर यायला वाट होती कुठे? काकांना मात्र मुदतीचं हसू आलं. “सात दिवसांत आपला टीव्ही दुरुस्त होऊन तरी येतो का? भूत यायचं तर दुकानातच येईल.”

अमेरिकन सिनेमा दिसतो देखणा, सगळा हिरवट-निळा, भिजलेला. पण त्याला खुलासे करायची भारी हौस. घोडे काय, दवाखान्याची कागदपत्रं काय! समाराचा सडका चेहराही दाखवून टाकतो. नाकाता केसांआडून सदाकोचा फक्त एक डोळा दाखवतो आणि आपली पाचावर धारण बसते. शेवटही त्याचाच जबर. मुलाला वाचवायला त्याची नायिका रेइको व्हीसीआर घेऊन निघते, ती थेट स्वतःच्या वडिलांकडे!

तेव्हा दोनांतला एकच पाहायचा तर ‘रिंगू’ पाहा. आणि वाचकहो, जावई किंवा लेक कधी नव्हे ते “बाबा, हे बघाच” म्हणत काही घेऊन आले, तर आधी फोनची वायर काढून ठेवा.