पोटातलं बहुमत

ज्याचं जग गल्लीच्या कोपऱ्यावर संपतं, त्याला आपण ‘उंबरातला किडा’ म्हणून मोकळे होतो. किड्याची बाजू कुणी ऐकून घेतलेली नाही.

उंबराची फुलं फळाच्या आत असतात. तिथे जायला टोकाशी एक बारीकसं भोक. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली एक तिळाएवढी मादी त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तिथेच तुटतात. परतीचा प्रश्न मिटला! सोबत आणलेले पराग ती फुलांना पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात, बिनपंखांचे. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या सालीला बोगदा पाडतात आणि त्यांचा कारभार आटोपतो. बोगद्यातून बाहेर पडतात त्या माद्या, अंगावर पराग घेऊन. त्यांच्या हाती एखाद-दुसरा दिवस. तेवढ्यात नेमक्या अवस्थेतलं दुसरं उंबर सापडायला हवं. म्हणून सगळी उंबरं एकदमच फळून मोकळी होत नाहीत. बाराही महिने कुठलं ना कुठलं झाड लगडलेलं असतं. आंबे-जांभळं संपल्यावर वटवाघळं, बुलबुल, धनेश, माकडं त्याच्याच जिवावर दिवस काढतात आणि बिया रानभर पोचवतात. दत्ताच्या देवळापुढे औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्यांनी एखादी या किड्याच्या नावाने घातली, तर महाराज रागावणार नाहीत.

आता माणूस. आपण या गोष्टीतला किडा की उंबर, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. जीवशास्त्रज्ञ रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हिशेब मांडला: सत्तर किलोच्या माणसात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे मी जेव्हा ‘माझं मत’ म्हणतो, तेव्हा अल्पमतातलं सरकार बोलत असतं. या सगळ्या मंडळींचं वजन मात्र दोनशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे सुटलेल्या पोटाचं खापर त्यांच्यावर फोडायची सोय नाही.

बरं, उरलेल्या पेशी तरी निखळ माझ्या? त्यांतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया कोणे एके काळी स्वतंत्र जीवाणू होत्या. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली एका लेखात हा विचार नव्याने, नेटाने मांडला. त्याआधी तो लेख कितीतरी नियतकालिकांकडून साभार परत आला होता (हे वाचून आम्हा लेखकांना फार बरं वाटतं). या मायटोकॉन्ड्रिया आपल्याला मिळतात त्या आईकडून. बापाचं आडनाव मिरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आणि आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्यांच्यावर पोसतात बाळाच्या आतड्यातले जीवाणू. बाळाला पाजताना ती माउली न मोजता येणाऱ्या पाहुण्यांचीही पानं वाढत असते.

हे सगळं मी आमच्या आत्याला नेमकं एकादशीला सांगितलं. ती खिचडी परतत होती. हात न थांबवता म्हणाली, “मग माझ्या पोटातल्यांना साबुदाणा चालतो ना?”

“साबुदाणा वरच्या वरच पचतो गं. त्यांच्यापर्यंत फारसा पोचत नाही. त्यांना भाजीपाल्याचा, कडधान्यांचा चोथा लागतो.”

“म्हणजे मी इथे तुपातली खिचडी खाणार आणि खरा उपास ते करणार?” तिने झाऱ्या खाली ठेवला. “मग इतकी वर्षं पुण्य कुणाच्या खात्यात जमा झालं रे?”

मला उत्तर सुचलं नाही. द्वादशीला सकाळी तिने अंबाडीची भाजी केली, नेहमीच्या दुप्पट. “पारणं आहे त्यांचं,” म्हणाली, आणि मलाही दोनदा वाढली.