स्विच घरी आणण्याची रीत (बिबवेवाडीपुरती)

ज्यांनी आजवर हातात धरून खेळायचं यंत्र कधी विकत घेतलेलं नाही आणि जे बिबवेवाडीत राहतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. वयाची अट नाही. कोथरूडकरांनी स्वतःच्या जबाबदारीवर वाचावं. नमुन्यादाखल निन्टेंडो स्विचचं ओलेड मॉडेल घेतलं आहे. दुसरं कुठलं यंत्र घेतलं असेल तर बटणं बदलतील, घरचे बदलणार नाहीत.

खरेदी

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे यंत्र भारतात नाही. कंपनी ते इथे अधिकृतपणे विकत नाही. तरीही ते दुकानात काचेमागे दिसतं, हातात घेता येतं आणि यूपीआयने त्याचे पैसेही देता येतात. या विसंगतीवर दुकानात चर्चा करू नये. वॉरंटीचं विचारलंत तर दुकानदार स्वतःच्या छातीवर हात ठेवेल. तीच वॉरंटी.

खोक्यावर जपानी मजकूर दिसला तर घाबरू नका, यंत्र सुरू झालं की भाषा निवडता येते. यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. डच आहे. ऑनलाइन गेम विकणारं कंपनीचं ईशॉपही भारतासाठी नाही, त्यामुळे खातं उघडताना अमेरिका, जपान किंवा हाँगकाँग असा एखादा देश निवडून लोक वेळ मारून नेतात. जन्म ससूनमधला, घर बिबवेवाडीत आणि खातं हाँगकाँगचं. चालतं.

चार्जर तपासून घ्या. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे आपली वीज त्याला चालते. चालत नाही ती पिन, कारण तिला दोन चपट्या पट्ट्या असतात. शहरात गेलाच आहात तर तपकीर गल्लीतून कन्व्हर्टर पिन घेऊनच अप्परची बस पकडा. घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही ती मिळते, पण तिथे 'कशाला लागतेय?' असं विचारतात. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीला कळतं. खोटं सांगितलं तरी कळतंच, फक्त चुकीचं कळतं.

घरी किंमत विचारतील. ती डॉलरमध्ये सांगा. हे मॉडेल ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा साडेतीनशेला होतं. 'साडेतीनशे' म्हणून थांबावं.

गृहप्रवेश

यंत्र आत आलं की आधी ते देवासमोर ठेवलं जाईल. याला विरोध करू नये, पण कुंकू कुठे लावायचं हे आधीच दाखवून ठेवा. यंत्राच्या वरच्या कडेला जाळी आहे, तिच्यातून आतल्या पंख्याची गरम हवा बाहेर पडते. कुंकवाचं बोट त्या जाळीवर टेकू देऊ नका, अक्षता तर नाहीच नाही. मागच्या बाजूला यंत्राच्या पूर्ण रुंदीची एक फळी उघडते, ती टेकू म्हणून दिलेली आहे. कुंकू, हळद, हौस असेल तर स्वस्तिकसुद्धा तिथे बसतं.

मग आई ते तळहातावर तोलून पाहील आणि 'अर्ध्या किलोला कमीच आहे' म्हणेल. बरोबर आहे. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर धरून सुमारे ४२० ग्रॅम.

पडद्यावरचं प्लास्टिक हा विषय नाजूक आहे. आपल्याकडे दोन पंथ आहेत. रिमोटवरचं प्लास्टिक सहा वर्षं न काढणारा एक, आणि दुकानातून बाहेर पडायच्या आत नखाने टोक शोधणारा दुसरा. या मॉडेलच्या काचेवर कारखान्यातूनच एक पातळ फिल्म चिकटवलेली येते, म्हणजे काच फुटलीच तर तुकडे उडू नयेत. ती काढायची नाही असं कंपनीच स्पष्ट सांगते. रिमोटवाल्यांच्या पदरात इतका निर्विवाद विजय आजवर पडला नव्हता, तेव्हा तो त्यांना साजरा करू द्या आणि दुसऱ्या पंथीयांना कात्रीपासून लांब ठेवा.

गेमचं कार्ड एवढंसं असतं, आणि घरात रांगणारं मूल असेल तर ते त्याच्या तोंडात जाणार. कंपनीने हे गृहीत धरून कार्डावर डिनॅटोनियम बेंझोएट लावलेलं आहे. नखं खाणाऱ्यांच्या बोटांना लावायच्या औषधांत असतं तेच. मूल ते लगेच थुंकेल आणि रडेल. मग खात्री करून घ्यायला आजी कार्ड जिभेला लावेल आणि 'काडेचिराईत आहे' असा निकाल देईल. तिला पाणी द्या. आपण चाखू नये. हे वाचून झाल्यावर बहुतेक जण चाखतात.

बोटे

दोन्ही कंट्रोलर वरून खाली सरकवले की खट्ट आवाज होऊन बसतात. हा आवाज पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटेल, ऐका. मनगटाची पट्टी लावताना मात्र पट्टीवरचं अधिकचं चिन्ह अधिकचं चिन्ह असलेल्या कंट्रोलरशी आणि उण्याचं उण्याशी जुळवा. उलटी बसवली तर निघता निघत नाही. उजवीकडचं ए बटण म्हणजे हो, खालचं बी म्हणजे नको. एवढं पुरे.

याच सुमारास घरातला नव्वदच्या दशकात वाढलेला कुणीतरी 'आमच्याकडे ब्रिक गेम होता, ९९९९ गेम होते त्यात' असं सांगायला बसेल. त्याला सांगू द्या. त्या ९९९९ मध्ये खरे गेम मोजकेच होते आणि उरलेले तेच गेम वेग वाढवून मोजलेले, हे त्याला आज सांगायची गरज नाही. मुळात ते खोकं १९८९ च्या गेम बॉयवरून आणि त्याच्याबरोबर मिळणाऱ्या टेट्रिसवरून उचललेलं होतं. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत. सेल उन्हात ठेवून पुन्हा चालवायची विद्या ज्यांना येते त्यांना आदराने वागवा, पण यंत्र देऊ नका.

बेट

आता मुख्य भाग. नवशिक्यांना पहिला गेम म्हणून बहुतेक 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' सुचवला जातो. त्यात मारामारी नाही, कुणी मरत नाही, एका बेटावर राहायला जायचं आणि झाडं लावायची. तो २० मार्च २०२० ला आला. पाच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी लागली, आणि जगभर घरात कोंडलेली माणसं त्या बेटावर राहायला गेली. गेम निरुपद्रवी आहे असं पाकिटावरून वाटतं. बिबवेवाडीत तो निरुपद्रवी नाही.

सुरुवातीला बेटाचं नाव विचारतात. हे नाव पुन्हा बदलता येत नाही. बदलायचं तर अख्खं बेट पुसावं लागतं, आणि एका यंत्रावर बेट एकच. त्यामुळे हा प्रश्न पडद्यावर येण्याआधी घरची बैठक घ्या. दहाच अक्षरं बसतात आणि तीही रोमन. 'बिबवेवाडी' नऊ अक्षरांत बसतं. 'मार्केटयार्ड' जोडून लिहिलं तर बरोबर दहा. 'अप्पर इंदिरानगर' बसत नाही, आग्रह धरू नये.

आणखी एक. जो पहिला सुरू करतो तो त्या बेटाचा निवासी प्रतिनिधी होतो. पूल कुठे बांधायचा, चढ कुठे ठेवायचा, हे फक्त तोच ठरवतो. घरातले बाकीचे त्याच बेटावर घरं बांधून राहू शकतात, पण पुलाबद्दल त्यांनी नुसतं बोलायचं. ज्या घरात सोसायटीचे माजी सेक्रेटरी आहेत तिथे यंत्र आधी कुणाच्या हातात गेलं याला फार महत्त्व आहे.

बेटावर टॉम नूक नावाचा रकून भेटतो. तो तंबू देतो, त्याचे ४९,८०० बेल्स, म्हणजे तिथले रुपये, मागतो, आणि ते फिटले की ९८,००० बेल्सच्या कर्जावर पक्कं घर बांधून देतो. हे संवाद बाबांसमोर मोठ्याने वाचू नयेत. वाचलेच तर पुढचे प्रश्न येतील. व्याज किती? शून्य. हप्ता? नाही, सवडीने द्या. मुदत? नाही. जामीन? नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी वीस वर्षं हप्ते भरलेला माणूस यावर गप्प बसू शकत नाही. 'लिहून घेतलंय का त्याच्याकडून?' असं ते विचारतील. ९८,००० फिटल्यावर टॉम नूक स्वतःहून घर वाढवण्यासाठी १,९८,००० चं कर्ज सुचवतो. ते ऐकून बाबांना समाधान वाटेल. 'आता आला लायनीवर,' असं म्हणून ते उठतील.

काका

खरी अडचण रविवारी येते. पहाटे पाच ते दुपारी बारा या वेळात बेटावर डेझी मे नावाची एक छोटी रानडुकरीण डोक्यावर सलगमाची मोळी घेऊन फिरते. तिच्या नाकाला शेंबडाचा फुगा असतो. आजीचा धंदा आता नात चालवते, हे कळल्यावर घरातल्या आजींचं तिच्याबद्दल चांगलं मत होतं. सलगम दहाच्या पटीत घ्यावे लागतात, नगाला साधारण ९० ते ११० बेल्स. मग सोमवार ते शनिवार गावातल्या दुकानात ते विकायचे. दुकान सकाळी आठ ते रात्री दहा, भाव दिवसातून दोनदा बदलतो, एकदा उघडताना आणि एकदा दुपारी बाराला. कधी पन्नासच्या खाली जातो, कधी पाचशेच्या वर. पुढच्या रविवारी उरलेला माल सडतो.

हे वर्णन पुण्यातल्या इतर कुठल्याही उपनगरात नुसतं गोड वाटेल. बिबवेवाडीत मार्केट यार्ड लागून आहे, आणि प्रत्येक इमारतीत निदान एक काका असे असतात की ज्यांनी हयात गाळ्यावर काढली. कुणी आडत्याकडे दिवाणजी होते, कुणी तोलणार. 'आवक वाढल्याने भावात घट' ही बातमी ते सोमवारच्या पेपरात शोधून वाचतात, रविवारी स्वतः यार्डात जाऊन आल्यावरसुद्धा. या काकांनी सलगमाचा भाव पाहिला की यंत्र गेलं असं समजा.

त्यांच्या हरकतींची उत्तरं तयार ठेवा. लिलाव कुठे आहे? नाही, दोन छोटे रकून भाव सांगतात, पटला तर द्या. घासाघीस? नाही. हमाली, तोलाई? नाही. आडत कुणाकडून कापतात? कुणाकडूनच नाही. इथे ते तुम्हाला २०१६ सालाबद्दल सांगतील, भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं ते साल. ऐकून घ्या, विषय रास्त आहे. माल ठेवायचा कुठे? घरातल्या कपाटात सलगम जात नाहीत, जमिनीवर मांडावे लागतात. हे काकांना मनापासून पटतं. तुम्ही हौसेने लावलेला सोफा, दिवा आणि माशांची टाकी बाहेर काढून घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत माल लावला जाईल. मधून चालायला एक बोळ ठेवतील, तेवढा त्यांचा विवेक.

आता घड्याळाचं. यंत्र जपानी वेळेवर लावलेलं असेल आणि तुम्ही ते बदललं नसेल तर सगळं साडेतीन तास आधी घडतं. दुकान आपल्या पहाटे साडेचारला उघडतं, दुसरा भाव सकाळी साडेआठला येतो, आणि रविवारचा बाजार साडेआठला उठलेला असतो. तुम्हाला हा बिघाड वाटेल. काकांना वाटणार नाही. भाजीचा बाजार उन्हं वर आल्यावर भरतो असं कुणी सांगितलं तर ते त्या माणसाकडे दयेने बघतात. शिवाय वेळ दुरुस्त करायला गेलात तर घड्याळ मागे जातं, आणि या गेममध्ये घड्याळ मागे गेलं की घरातला सगळा माल जागच्या जागी सडतो. ते नुकसान कुणाच्या नावावर मांडायचं यावरून दोन घरांतलं बोलणं बंद होऊ शकतं. वेळ आहे तशी राहू द्या.

तक्रारी आणि उपाय

यंत्र गरम होतं: होऊ द्या, कुंकू तपासा.

कंट्रोलरवरची काठी न हलवता माणूस आपोआप चालू लागला: ही या कंट्रोलरची जुनी खोड आहे. कंपनीच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये भागधारकांच्या सभेत तिच्याबद्दल माफी मागितली. इथे अधिकृत सेवा केंद्र नसल्यामुळे मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं. काठी बदलून मिळते. तोपर्यंत काका डावीकडे चालत राहतील.

गुरुवारी वीज गेली: पूर्ण भरलेली बॅटरी गेमनुसार साडेचार ते नऊ तास चालते. बुधवारी रात्री कुणी चार्जिंगला लावलं नव्हतं याची चौकशी होईल. त्या चौकशीत पडू नका.

मला स्वतःला खेळायला मिळत नाही: सोमवार ते शनिवार भाव बघायचा असतो, रविवारी माल घ्यायचा असतो, त्यामुळे आठवड्याचं वेळापत्रक नीट बघा. शनिवारी दुकान रात्री दहाला बंद होतं आणि रविवारी डेझी मे पाचला येते. मधले सात तास यंत्राकडे कुणी ढुंकून बघत नाही. जपानी वेळेमुळे ते आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात आणि रात्री दीडला संपतात. जेवण आधी उरकून घ्या, आणि दीडला दारावर टकटक झाली तर यंत्र चार्जरसकट द्या.