जीआयपी आणि बीबीसीआय साहेबांस, पळसदरीहून

मु. पो. पळसदरी, जि. रायगड

प्रति,
मे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि
मे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे
(हल्ली मुक्काम: इतिहास)

उभय साहेबांस सा. न. वि. वि.

दोघांना मिळून एकच पत्र धाडतो आहे, राग नसावा. एका पाकिटात बसायची तुम्हाला सवय नाही, हे ठाऊक आहे. १९५१ साली सरकारने एकाला मध्य रेल्वेत घातलं, दुसऱ्याला पश्चिम रेल्वेत. मालक एक झाला. चुली वेगळ्याच राहिल्या.

पत्रास कारण की, आमच्या गावच्या एखाद्या आजीने लेकीकडे बडोद्याला जायचं मनात आणलं, तर तिने काय करावं? दोघांपैकी एका साहेबांनी तर बरोडा थेट नावातच घेतलंय, म्हणून विचारतो. पुण्याच्या गाड्या पळसदरीवरून न थांबता घाटाकडे जातात, आम्हाला आसरा खोपोली लोकलचा. ती कर्जतलाच संपणारी निघाली तर बोचकी उतरवून पहिला बदल तिथेच. मग दादर.

दादर हे तुम्हा दोघांचं संयुक्त दुकान. डिसेंबर २०२३ पर्यंत इथे दोन्ही रेल्वे आपापले फलाट एकपासून मोजत. ‘एक नंबरवर थांब’ म्हटलं की माणसं दोन वेगवेगळ्या एक नंबरांवर तासभर एकमेकांची वाट पाहत. आता पश्चिम रेल्वेकडे १ ते ७ आणि मध्य रेल्वेकडे ८ ते १४. सत्तर वर्षांत झालेला हा मोठाच समेट म्हणायचा. पूल मात्र तोच, गर्दी तीच, आणि आजीच्या डोक्यावर लोणच्याची बरणी.

समजा, बडोद्याची गाडी वांद्रे टर्मिनसहून सुटणारी आहे. आजी भाबडेपणाने वांद्र्याला उतरते. पण वांद्रे स्टेशन निराळं, वांद्रे टर्मिनस निराळं, मध्ये रिक्षा. जाणकार सांगतात, खारला उतरा, तिथून टर्मिनसला थेट पूल आहे. म्हणजे वांद्र्याची गाडी धरायला खारला उतरायचं. आणखी जाणकार म्हणतात, बोरिवलीलाच चढा. प्रत्येक डब्यात असे दोन-तीन जाणकार असतातच, आणि त्यांचं आपसांत कधी जुळत नाही.

गाडी मुंबई सेंट्रलची असली तर वेगळीच गंमत. मुंबई सेंट्रल हे सेंट्रल रेल्वेचं नाही! बीबीसीआय साहेबांनी १९३० साली ते नाव ठेवलं, तेव्हा पुढे शेजाऱ्यालाच सेंट्रल म्हणतील हे त्यांना कुठून कळावं? आजीला हे समजावून सांगेपर्यंत दादर येतं.

जीआयपी साहेब, आता जरा तुमच्याशी. स्टेशन बदलण्याची ही रीत तुम्ही आमच्याच घाटाच्या पायथ्याशी पाडलीत. १२ मे १८५६ रोजी तुमची गाडी पळसदरीवरून खोपोलीला पोहोचली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे सुरू झाली. मध्ये उभा बोरघाट! तेव्हा पुण्याला निघालेला माणूस खोपोलीला उतरून पालखीत, तट्टूवर नाहीतर गाडीत बसून वर जाई आणि खंडाळ्याला दुसरी आगगाडी धरी. २१ किलोमीटरचं ते अंतर तुम्ही १८६३ पर्यंत मिटवलंत. कातळ फोडलात, बोगदे खणलेत, दऱ्यांवर पूल बांधलेत. त्या कामावर मजूर किती मेले, हे घाटाला ठाऊक.

सह्याद्री ओलांडणाऱ्या साहेबांना वांद्रे ते वांद्रे का ओलांडता आलं नाही, एवढंच आम्हाला कळत नाही. तिथे डोंगर नाही. दरी नाही. आहे ती दुसऱ्या साहेबांची हद्द.

शेवटी तुमच्यामध्ये तिसऱ्यालाच पडावं लागलं. २०१४ साली घाटकोपरहून अंधेरीकडे जाणारी मेट्रो आली, ती तुमच्या डोक्यावरून. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरी थेट कफ परेडपर्यंत गेली, ती तुमच्या पायाखालून. सीएसएमटीला तिच्यात बसलं की मुंबई सेंट्रल चौथं स्टेशन. त्या स्टेशनाला नाव जगन्नाथ शंकरशेट यांचं, म्हणजे मुंबईत आगगाडी यावी म्हणून झटलेल्या, जीआयपी साहेबांच्या बाजूच्या माणसाचं. शंकरशेटांना बीबीसीआयच्या दारात उभं करून का होईना, सोयरीक जुळली म्हणायची. वांद्रे टर्मिनसच्या आजीला मात्र तिचाही उपयोग नाही.

म्हणून अर्ज असा, की १८५८ ची सोय पुन्हा चालू करावी. वांद्रे स्टेशन ते वांद्रे टर्मिनस एक पालखी, आणि दादरच्या पुलासाठी एक तट्टू, जिना चढणारं. पालखी उचलायला माणसं आम्ही इकडून आणू, घाटाखालची आहेत, दमाची आहेत. भाडं तुम्ही दोघांनी बसून ठरवावं. बसणं जमणार नसेल तर आपापलं वेगवेगळं कळवावं. दोन तिकिटं काढायची आम्हाला सवय आहे.

आपला,
खोपोली लोकलचा एक पासधारक