झेड ड्राइव्हवरील तांबडी फुली

मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे दुसऱ्याच संगणकावर असलेल्या फोल्डरला आपल्या संगणकाने बहाल केलेले एक इंग्रजी अक्षर, एवढीच त्याची तांत्रिक व्याख्या आहे. तथापि सनदी लेखापालाच्या मध्यम आकाराच्या कार्यालयात हे अक्षर बहुधा ‘झेड’ असते आणि अशिलांच्या फायली, टॅलीचा डेटा व लेटरहेडचा एकमेव शाबूत नमुना त्याच्या पोटात असल्यामुळे त्याला स्थावर मालमत्तेचा दर्जा प्राप्त झालेला असतो. हे दोन संगणक ज्या नियमावलीनुसार एकमेकांशी बोलतात तिला सर्व्हर मेसेज ब्लॉक, संक्षेपाने एसएमबी, असे म्हणतात. तिची मूळ आखणी १९८३ मध्ये आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी केली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये रुजवली, आणि चार दशकांनंतर तिच्या भरवशावर विवरणपत्रांची मुदत गाठू पाहणाऱ्या कार्यालयांत दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो: ‘तुझापण झेड गेला का रे?’

झेड जातो म्हणजे काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. फोल्डर पुरवणाऱ्या विंडोज संगणकाला असा नियम घालून दिलेला असतो की जोडलेल्या यंत्राने १५ मिनिटे काहीच मागितले नाही, तर तो संबंध तोडून टाकावा आणि रिकाम्या जोडण्यांवर आपली शक्ती वाया घालवू नये. संबंध तुटला की ड्राइव्हच्या चित्रावर तांबडी फुली उमटते. वस्तुतः त्याच चित्रावर दोनदा टिचकी मारली असता क्षणभर घुटमळून फोल्डर उघडते आणि फुली निमूटपणे नाहीशी होते. कार्यालयात १५ मिनिटांच्या निष्क्रियतेची दखल घेणारा हा एकमेव घटक होय, आणि तक्रार नेमकी त्याच्याचविरुद्ध होते. अर्थात तक्रार अगदीच निराधार नसते, कारण काही जुनी सॉफ्टवेअरे ड्राइव्ह सदैव जोडलेलाच आहे असे गृहीत धरतात आणि तो तुटलेला आढळताच घुटमळण्याचीही उसंत न घेता त्रुटीचा संदेश दाखवून फाइल जतन करण्यास नकार देतात.

यावरील उपाय सर्वज्ञात आहे. ‘नेट कॉन्फिग सर्व्हर’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवून तिच्यातील ऑटोडिस्कनेक्ट या मूल्याच्या जागी उणे एक लिहिले की वेळेची ही मर्यादाच निघून जाते. मात्र ही आज्ञा फोल्डर पुरवणाऱ्या यंत्रावर चालवायची असते, आणि कार्यालयात ती फुली दिसणाऱ्या प्रत्येक यंत्रावर मनोभावे चालवली जाते. जेथे लक्षण दिसते तेथेच रोग असतो, हा या निदानपद्धतीचा पहिला सिद्धान्त आहे. दुसरा असा की, रोगाचा शोध वयाने आणि पगाराने सर्वांत लहान माणसापासून सुरू होतो.

त्यानुसार प्रथम संशयित ठरतो तो आर्टिकल, म्हणजे सीएच्या परीक्षेसाठी कार्यालयात उमेदवारी करणारा विद्यार्थी. त्याने पेन ड्राइव्ह लावला होता काय, याची चौकशी होते. त्यानंतर टेबलाखाली वाकून निळी वायर हलवून पाहिली जाते, आणि तिच्या टोकाची प्लॅस्टिकची चिमटी केव्हाच तुटलेली असल्यामुळे ही पायरी अधूनमधून यशस्वीही होते, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. मग इंटरनेटवाल्याला फोन जातो. कार्यालयाच्या चार भिंतींतील दोन संगणकांच्या संभाषणाचा बाहेरच्या इंटरनेटशी सुतराम संबंध नसल्यामुळे ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशीच कारवाई असते, पण तो येतो, राउटर बंद-चालू करतो आणि जातो. शेवटी एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडतो आणि लॉगिनच्या वेळी आपोआप जोडण्याच्या चौकटीत खूण करतो. हे आजारापेक्षा बिलाला अधिक उपयोगी असले, तरी त्याला हिणवण्याचे कारण नाही: २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत लॉगिननंतर ड्राइव्ह जोडले जाईनात, तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने तात्पुरता उपाय म्हणून प्रत्येक लॉगिनला ते नव्याने जोडणारी स्क्रिप्टच प्रसिद्ध केली होती.

या संपूर्ण शोधमोहिमेत ज्या एका खोलीत कोणी पाऊल टाकत नाही, ती म्हणजे केबिन. अशा कार्यालयातील ‘सर्व्हर’ ही गार खोलीत ठेवलेली कपाटासारखी वस्तू नसते. तो मुख्य भागीदारांचा, म्हणजे ज्यांना सर्वजण केवळ ‘सर’ म्हणतात त्यांचा, नेहमीच्या वापरातला संगणक असतो. सर बँकेत गेले, बाहेरची मंडळी डबे उघडून बसली आणि कोणाचीही फाइल उघडी राहिली नाही, की वीजबचतीच्या नियमाने तो झोपी जातो आणि जेवणानंतर सात टेबलांवर एकदम फुल्या उमटतात. क्वचित तो जागा असूनही त्याच्या नेटवर्क कार्डाला विश्रांतीची मुभा दिलेली असते. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्यास संगणकाला परवानगी देणारी ती खूण डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन काढावी लागते. कधी सर पासवर्ड बदलतात, आणि बाहेरची यंत्रे क्रेडेन्शियल मॅनेजर नावाच्या तिजोरीत जपलेला जुनाच पासवर्ड सांगत दारात उभी राहतात. नवा पासवर्ड विचारायचा कोणी, हा तांत्रिक प्रश्न नसल्यामुळे त्यावर कोणत्याही पुस्तिकेत उत्तर मिळत नाही.

केबिनमधील स्लीपची सेटिंग बदलण्यास अर्धा मिनिट लागतो, परंतु त्यासाठी सरांना त्यांच्या खुर्चीतून उठवावे लागते आणि मुळात दोष आहे हे त्यांना पटवावे लागते. हे दुसरे काम अधिक अवघड, कारण बाहेर जे फोल्डर झेड म्हणून ओळखले जाते ते त्यांच्या संगणकावर साध्या डी ड्राइव्हमध्ये असते, तेथे तांबडी फुली कधीही उमटत नाही, आणि ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय’ हे त्यांचे विधान तांत्रिकदृष्ट्या निर्विवाद ठरते. त्यामुळे सप्टेंबरअखेर, लेखापरीक्षण अहवालांची मुदत तोंडावर आलेली असताना, सर्वानुमते नवा आणि महागडा राउटर घेण्याचे ठरते. तो बसवताच सर्व संगणकांना नव्याने पत्ते वाटले जातात, आणि ज्या दोन टेबलांवर ड्राइव्ह नावाऐवजी आकडी पत्त्याने जोडलेला होता, त्यांचाही झेड जातो.