मुळाले टाका ना जी!

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमचे साळेबुवा फुलांचे फोटो काढायला पुण्याहून अकोल्याला आले. हे वाक्य मी ज्याला ज्याला ऐकवलं, त्यानं आधी साळेबुवांच्या तब्येतीची चौकशी केली. मे महिन्यात अकोल्याला माणूस दोनच कारणांनी येतो, लग्नाला नाहीतर मयतीला. तिसरं कारण ऐकून राजराजेश्वराच्या देवळाकडच्या पानठेल्यावरचा अडकित्ता मधेच थांबला. "फुलं? आता? घरी भांडून आले का?"

साळेबुवा मूळचे इकडचेच. वीस वर्षांपूर्वी पुण्याला गेले, नोकरीत मुरले, मग गुडघे दुखू लागले म्हणून रोज सकाळी टेकडी चढू लागले, आणि टेकडीवर कुणीतरी त्यांना फुलांच्या फोटोंचा नाद लावला. आता त्यांच्या बॅगेत कपड्यांचे दोन जोड असतात. बाकी सगळा कॅमेरा. पाकळीवरची मुंगी हत्तीएवढी दाखवणारी लेन्स, तिपाई, घडी घालता येणारी चंदेरी परात आणि न्हाव्याकडे असते तशी पाण्याचा फवारा उडवायची बाटली. बायकोनं भावाच्या त्या किमती बॅगेत, लेन्सच्या शेजारच्या मऊ कप्प्यात, एक कांदा ठेवला. "उन्हाचा असू दे जवळ," म्हणाली. साळेबुवांच्या चेहऱ्यावरची वेदना मला दिसली, पण बहिणीपुढे बोलायची हिंमत त्यांनी अजून कमावलेली नाही.

"भाऊजी, आपल्याला कोवळा प्रकाश हवा," ते म्हणाले. "सूर्य उगवल्यापासून तासभर." सूर्य पावणेसहाला उगवतो. पण रात्री गच्चीवर दोनपर्यंत गाद्यांवर पाणी शिंपडत बसल्यावर आम्हाला जाग आली ती सव्वासातला, आणि तोवर कोवळा प्रकाश चांगला जून होऊन पाठीला चटके देत होता. पुण्यात ऊन पडतं. अकोल्यात ते मुक्कामाला येतं.

डोक्याला दुपट्टे गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून, आम्ही दोघे स्कूटरवर निघालो. त्या वेशात तिपाई खांद्यावर घेतलेला माणूस कसा दिसतो हे मी सांगत नाही. दगडी पुलावर साळेबुवा एकदम ओरडले, "थांबा!" मला वाटलं कांदा पडला. त्यांनी पुलाच्या कठड्यावरून खाली बोट दाखवलं. मोर्णा नदीत पाणी असं दिसत नव्हतंच. काठापासून काठापर्यंत जलकुंभी, आणि तिच्यावर फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे.

मी या गावात साठ उन्हाळे काढले. ते तुरे मी पाहिले नव्हते, कारण जुन्या शहरातला माणूस पुलावरून जाताना नाक धरतो, आणि नाक धरलं की डोळेही थोडे मिटतातच. साळेबुवांनी लेन्स लावून मला आत पाहायला लावलं. सहा पाकळ्या. वरच्या एका पाकळीवर निळ्या रंगाची छटा आणि तिच्या मधोमध पिवळा ठिपका, थेट मोरपिसाचा डोळा. मोर्णेत मोरपीस! ही बया मूळची दक्षिण अमेरिकेतली. हिच्या याच रूपाला भुलून शौकिनांनी तिला देशोदेशीच्या तळ्यांत नेऊन सोडलं. थोडक्यात, हिला पहिला घात करायला मदत कुणी केली असेल, तर साळेबुवांसारख्याच लोकांनी.

एवढ्यात एक सायकलवाला थांबला. मग एक ऑटो. मग दोन दूधवाले. पाच मिनिटांत कठड्यावर वीसएक डोकी वाकली.

"काय पडलं जी नदीत?"

"मानूस व्हय का?"

"दिसत तं नाई बाप्पा."

"फूल आहे," मी म्हणालो. गर्दीचा इतका अपेक्षाभंग मी पाहिला नव्हता. एक म्हातारे मात्र जागचे हलले नाहीत. २०१८च्या जानेवारीत मोर्णा स्वच्छ करायला हजारो अकोलेकर जमले होते, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं होतं. म्हातारे त्यातले असावेत. साळेबुवांकडे एकटक पाहत म्हणाले, "आमी हे उपटून उपटून हातं सोलून घेतले, अन् तुमी याचे फोटू काढून राह्यले!" साळेबुवांनी कॅमेरा बॅगेत घातला. मला वाटतं त्या दिवशीचा सगळ्यात चांगला फोटो त्या तुऱ्यांचाच होता, पण तो त्यांनी आजतागायत कुणाला दाखवलेला नाही.

तिथून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. १९६९ साली झालेलं हे विद्यापीठ आमच्या गावाची सावली आहे. गावात झाड शोधावं लागतं, तिथं ऊन शोधावं लागतं, निदान इतर ऋतूंत. भेटलेल्या माळीबुवांना साळेबुवांनी शेवंती, ग्लॅडिओलस असं काय काय विचारलं. माळीबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हिवाळ्यात या ना जी. डिसेंबरात. आता तं आमीच कसेबसे उभे आहो."

पण बहावा होता. पान एकही नाही आणि अंगभर पिवळे झुंबर. आणि गुलमोहर तर पेटलेलाच. साळेबुवांनी त्याचे चाळीस फोटो काढले आणि चाळीसही फोटोंत एक लाल डाग आला, रसवंतीवर कुणाची पानाची पिचकारी उडावी तसा. भडक उन्हात लाल रंग कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो, पाकळ्यांच्या कडा त्यात विरघळून जातात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मग मला चंदेरी परात धरायला लावली, आधी झाडाच्या बाजूनं, मग उन्हाच्या बाजूनं, आणि तिच्या आडोशाला एकच फूल धरून हळूच टिपलं. तेव्हा मला कळलं की गुलमोहराच्या पाचही पाकळ्या लाल नसतात. चार लाल, आणि पाचवी थोडी मोठी, पांढरट, तिच्यावर कुंकवाचे शिंतोडे. मादागास्करहून आलेलं झाड, पण कुंकू लावून नांदतंय. परात मात्र मी सव्वा तास धरली. तिच्यावरचं सगळं ऊन माझ्या हनुवटीखाली जमा होत होतं, जिथं दुपट्टा नव्हता.

साडेदहाला माझा फोन गेला. पडद्यावर थर्मामीटरचं चित्र आणि सूचना, की फोन तापला आहे, तो थंड होऊ द्या. माझ्या फोनच्या पुस्तिकेत लिहिलंय की ३५ अंशांपर्यंत वापरा. म्हणजे हा फोन अकोल्यात मे महिन्यात फक्त पहाटे वापरायचा. साळेबुवा म्हणाले, सावलीत ठेवा. मी तो कांद्याशेजारी ठेवला.

परतताना असदगडावर दहा मिनिटं थांबलो. औरंगजेबाचा वजीर असदखान याचं नाव या किल्ल्याला आहे. तटाच्या फटींत रुईची जांभळट पांढरी फुलं होती, पण दगडाला हात लावून साळेबुवांनी तो लगेच मागे घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलस्ली १८०३मध्ये अडगावच्या लढाईआधी इथं तळ देऊन होता. ती लढाई २९ नोव्हेंबरला झाली. वऱ्हाडात कधी यावं हे इंग्रजाला कळत होतं.

जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत, मागच्या घराच्या गच्चीवर, आजींची बाग आहे. बाग म्हणजे तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, एक कढई आणि जुन्या कूलरची टाकी. नळ आमच्याकडे रोज येत नाही. आला की आधी माणसं भरतात, मग भांडी, आणि तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हात धुतलेलं पाणी आजी गच्चीवर वाहून नेतात. त्यांना प्रत्येक डब्याचा हिशेब पाठ आहे: मोगऱ्याला तांब्याभर, जास्वंदीला दोन, तुळशीला पहिलं. अकोल्यात कुणाच्या घरची फुलं पाहायची असतील तर त्या घरच्या नळाचा वार आधी विचारावा.

मोगरा अर्थातच मिटलेला. तो संध्याकाळी उमलतो. पण चिनी गुलाब पूर्ण उघडे होते. त्यांना ऊन चढल्याशिवाय जागच येत नाही, म्हणून आजी त्यांना 'हाफिस टायम' म्हणतात. कढई गुलाबी, केशरी, पिवळ्या फुलांनी भरली होती. साळेबुवा पोटावर आडवे झाले, तापलेल्या गच्चीवर, म्हणून लगेच उठले; मग खाली पोतं घालून पुन्हा आडवे झाले. फुलांवर दव हवं म्हणून त्यांनी बाटली काढली आणि फुस्स, फुस्स.

आजी जिन्यात उभ्या होत्या.

"काऊन जी, काय करून राह्यले?"

"पाण्याचे थेंब, आजी. फोटो छान येतो."

"पानाले कायची तहान लागते? मुळाले टाका ना जी!"

साळेबुवांनी बाटलीचं झाकण काढलं आणि सगळं पाणी कढईत ओतलं. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "चुकलं बाप्पा." वीस वर्षांनी.

आजी खूश झाल्या. "आता इकडचा फोटू काढा. पोरीले धाडाचा हाय अमेरिकेत." गच्चीच्या दुसऱ्या टोकाला लुगड्यावर सकाळीच घातलेल्या कुरड्यांच्या रांगा होत्या, अजून ओलसर, उन्हात मोत्यासारख्या चमकणाऱ्या. साळेबुवांनी कॅमेरा लावला, आणि मग त्यांना भानच राहिलं नाही. वळणावळणाचे पांढरे धागे, मधे खोल, कडेला उलगडलेले. हिवाळ्यातली शेवंती भर मे महिन्यात फुलली होती.

संध्याकाळी कूलरपुढे पाय पसरून त्यांनी दिवसभरातले फोटो आपल्या पुण्याच्या मंडळींना पाठवले. बहाव्याला चार शाबासक्या, गुलमोहराला दोन. कुरडईवर मात्र उड्या पडल्या. काय पोत आहे, काय प्रकाश आहे! कुणा जाणकारानं विचारलं, "असा पांढरा रंग पाहिला नव्हता. जात कोणती?"

साळेबुवांनी जिन्याकडे तोंड करून आजींना हाक मारून विचारलं, मग उत्तर टाइप केलं: "लोकवन."