कोणासही सांगू नये

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते तेलगावात जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकापासून हाकेच्या अंतरावरील पेट्रोल पंपावर एखाद्या सकाळी वाहनांची रांग विनाकारण लांबलेली दिसली, तर पाहणाऱ्याने खुशाल समजावे की पेशकारसाहेब कार्डाने पैसे देत आहेत. पेशकारी वास्तविक त्यांच्या वडिलांची, तीही निजामाच्या अमदानीतली. हे स्वतः तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले. परंतु किताब वारसाहक्काने चालत आला, आणि त्यासोबत, वडिलोपार्जित जमिनीहून कितीतरी कसदार असा, मनुष्यमात्राविषयीचा अविश्वासही.

क्रेडिट कार्डावरील नित्य नव्या निर्बंधांनी इतर लोक मेटाकुटीस येतात. साहेबांना मात्र, रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन व्यवहारास दुसरी खातरजमा सक्तीची केली, तेव्हा मुंबईत कोणीतरी आपल्याच दफ्तरातला माणूस बसला असावा, असा गहिवर आला. त्यांची तक्रार एकच: 1 जानेवारी 2021 पासून पाच हजारांपर्यंतची रक्कम पिनशिवाय, कार्ड नुसते टेकवून, देता येऊ लागली. हा त्यांच्या मते उघड उघड गैरकारभार.

"अप्पा, नुस्तं टेकवा की," पंपावरचा पोरगा म्हणतो.

"टेकवायला हा काय देवाचा उंबरा आहे? पिन विचार."

मग कार्ड खाचेत घातले जाते, यंत्रावर उपरण्याचा तंबू उभारला जातो, मागच्या मोटारसायकलवाल्यांना तोंड फिरवण्याचा हुकूम सुटतो, आणि त्या अंधारात मान घालून साहेब एकेक कळ दाबतात. एवढ्या कडेकोट बंदोबस्तात फट एवढीच, की कान मंद झाल्यामुळे प्रत्येक आकडा ते दाबता दाबता खणखणीत उच्चारतात. पंपावर हवा भरणाऱ्यालासुद्धा तो पिन तोंडपाठ आहे. पोरगा मात्र त्या वेळी अदबीने आभाळाकडे पाहत उभा राहतो.

ओटीपीचा प्रसंग याहून बिकट. पुण्याचा नातू आजोबांच्या कार्डावर काही मागवतो आणि फोनवर घाई करतो. चष्मा सापडेपर्यंत अर्धी मुदत सरते. उरलेली, 'कोणासही सांगू नये' हे वाक्य दोनदा वाचण्यात.

"आजोबा, मी आहे ना!"

"ते आवाजावरून कळलं. पण यात नातवाचा अपवाद कुठे लिहिलाय?"

पुढे वहीत तांबड्या शाईने शेरा पडतो: 'मुदतबाह्य, सबब दप्तरी दाखल.' अशा वह्या तीन झाल्या आहेत, आणि अन्याय नको म्हणून सांगतो, त्यांच्या कार्डावर आजवर एका पैचीही अफरातफर झालेली नाही.

1 ऑक्टोबर 2022 पासून ऑनलाइन दुकानदारांना कार्डाचा क्रमांक साठवण्यास मनाई होऊन त्या जागी टोकन आले, तेव्हा भल्याभल्यांना ज्याचा उलगडा होईना ते साहेबांनी ओट्यावर बसून एका वाक्यात सांगितले. सोळंके कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर गेला की पुकारा नंबराचा होतो, मालकाचा सातबारा कोणी चव्हाट्यावर वाचत नाही.

एकाच नियमाने मात्र ते हबकले. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नियमांत दुसरी खातरजमा ओटीपीनेच व्हावी असे बंधन नाही, अंगठ्याच्या ठशावरही काम भागते, हे मी त्यांना वाचून दाखवले. साहेबांनी वाचन मध्येच थांबवले. उभी हयात ज्यांनी दुसऱ्यांचे अंगठे धरून शाईच्या पॅडवर दाबले आणि शेजारी 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिले, ते आता स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ नेऊन, उलटसुलट करून, न्याहाळत होते.

"डावा का उजवा?" त्यांनी हळूच विचारले, आणि अंगठा उपरण्याला पुसला.